हवेचा सातबारा

१ फेब्रुवारी २०१९ ही तारीख मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी सकाळी साडेसातलाच बार्शीतल्या माझ्या दुकानासमोर पन्नास-साठ माणसं उभी होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. कुणी त्यावर चॅनेलची नावं लिहून आणली होती, कुणी नुसते नंबर. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. शंभर चॅनेलपर्यंत नेटवर्कचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्याच्या वर जे पे चॅनेल घ्याल त्याचे पैसे वेगळे. ४० पैसे सुटे कुठून आणायचे, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

रांगेत आमच्या गल्लीतल्या एक मावशी होत्या. त्यांच्या घरी मी स्वतः खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून कनेक्शन दिलेलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं दोनशे रुपये देत होते. तू कधी हिशेब सांगितला नाहीस, मी कधी विचारला नाही. आता मध्येच हे कोण आलं?"

"मावशी, ट्राय."

"तो कोण?"

"दूरसंचार नियामक प्राधिकरण. सरकारनं नेमलेलं असतं."

"मग सरकारच म्हण की. एवढं लांबडं नाव कशाला?"

रांगेतली माणसं हसली, मीही हसलो. पण मावशींनी दोन वाक्यांत जो मुद्दा मांडला, त्यावर दिल्लीत गेली तीस वर्षं समित्या बसतायत आणि उठतायत. मी केबलवाला आहे, वकील नाही. पण ज्याच्या डोक्यावर एवढे साहेब आले आणि गेले, त्याला साहेब कसा असावा याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालतो.

आमचा धंदा सुरू झाला तेव्हा साहेबच नव्हता. १९९२ साली गच्चीवर बारा फुटी जाळीची डिश उभी केली, एशियासॅटच्या दिशेनं तोंड फिरवलं, आणि पडद्यावरच्या मुंग्या जाऊन स्टारचं चित्र आलं तेव्हा गल्लीतली पोरं अक्षरशः नाचली. वायर झाडावरून, गच्चीवरून, विजेच्या खांबावरून, जमेल तिथून. कायदा १९९४ च्या सप्टेंबरात अध्यादेशाच्या रूपानं आला आणि १९९५ ला पक्का झाला. त्या कायद्यानं आमची नोंदणी कुठं ठेवली, तर मुख्य पोस्ट ऑफिसात. मी पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी तो उलटून पालटून बघितला आणि विचारलं, "रजिस्टर करायचंय की स्पीड पोस्ट?" करमणूक कर भरायचा तहसीलला, तारा जप्त करायचा अधिकार कलेक्टर, प्रांत आणि पोलिसांकडे. चॅनेलवर काय दिसावं हे दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. जानेवारी २००४ मध्ये एका अधिसूचनेनं केबल आणि प्रसारण हे 'दूरसंचार सेवा' या शब्दांत बसवलं गेलं आणि आम्ही ट्रायच्या अंगणात आलो. तेव्हापासून आमच्या दराचे नियम ट्राय ठरवतं. ज्याचा दर ठरतो त्या मालाबद्दल मात्र ट्रायनं बोलायचं नाही.

मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्यामुळे मला ही सगळी गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेतच कळते. हवेतल्या लहरी ही जमीन समजा. रेडिओ, टीव्ही, मोबाइल ही त्या जमिनीवरची पिकं. जमीन मोजकी आहे. एका वाफ्यात दोघांनी पेरलं तर दोघांचंही पीक जातं, म्हणून कुणीतरी बांध घालून द्यावा लागतो. प्रश्न एवढाच, की भोगवटादाराच्या रकान्यात नाव कुणाचं?

याचं उत्तर देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी देऊन ठेवलं आहे, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती आपले पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेटचा होता. १९९३ चा हीरो कप; ज्यांना आठवतं त्यांना ईडन गार्डन्सवरची उपांत्य फेरी आठवेल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिननं घेतला. त्यानं तीनच दिल्या. मैदानावर ही कुस्ती चालली असताना बाहेर दुसरी चालू होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले होते, आणि दूरदर्शन व सरकार म्हणत होते की या देशातून चित्र वर पाठवायचं तर ते आमच्याच मार्गानं. त्यासाठी १८८५ च्या तार कायद्याचा आधार घेतला गेला. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला कागद दाखवून सचिनची ओव्हर अडवायची.

सावंतांनी लिहिलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीही नाही. तिचा वापर लोकांच्या हिताचा व्हावा म्हणून सरकारनं ताबडतोब एक स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण उभं करावं, ज्यात समाजाच्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व असेल. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, पण लहरी जनतेच्या आहेत यावर त्यांचं दुमत नव्हतं.

सातबारा झाला. जनतेच्या नावावर झाला. ताबा मात्र अजून मिळालेला नाही.

'ताबडतोब' या शब्दाचं पुढं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक आलं, समितीकडे गेलं, लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं. २००१ मध्ये दूरसंचार आणि प्रसारण दोन्हींना एकच आयोग देणारं विधेयक आलं, तेही बुडालं. २००६-०७ मध्ये पुन्हा मसुदे फिरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा नवा मसुदा आला. त्यात सल्लागार परिषद होती, पण तिच्यावर माणसं नेमणार केंद्र सरकारच. २०२४ च्या पावसाळ्यात त्याची सुधारित प्रत निवडक लोकांना दिली गेली, यूट्यूबवर बातम्या सांगणाऱ्यांनाही त्यात ओढणार अशी बोंब झाली, आणि ऑगस्टमध्ये दिलेल्या प्रती परत मागवल्या. न्यायमूर्ती सावंत फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात गेले. त्यांच्या त्या 'ताबडतोब'ला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

आता कुणी म्हणेल, ट्राय आहे की! ट्रायला मी उगाच नावं ठेवणार नाही. त्यानं काही कामं अशी केली आहेत की आपण विसरून गेलो आहोत, आणि विसरलो म्हणजेच ती नीट झाली. मे २००३ पासून मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे पैसे द्यावे लागत नाहीत. त्याआधी आमच्याकडे नंबर बघून फोन न उचलणारे लोक होते, आणि मिस कॉल ही एक स्वतंत्र लिपी होती. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला, जगातली सगळ्यात बलाढ्य समाजमाध्यम कंपनी 'फुकट इंटरनेट' घेऊन दारात उभी असताना, ट्रायनं तिला परत पाठवलं: इंटरनेटचा एक कोपरा फुकट आणि बाकी पैशानं, असा भेद इथं चालणार नाही. त्याआधीच्या वर्षी दहा लाखांवर लोकांनी ट्रायला ईमेल लिहिले होते. या देशात एखाद्या नियामकाला इतकी पत्रं आलेली मी तरी ऐकली नाहीत.

पण ट्रायची मूळ प्रकृती समजून घ्यायची तर १९९७ ते २००० हा काळ बघावा लागतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये ट्राय जन्माला आलं. न्यायमूर्ती सोधी पहिले अध्यक्ष. त्यांनी नियामकाची खुर्ची खरोखरीची खुर्ची आहे असं समजून दूरसंचार खात्यालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. खातं कोर्टात गेलं. १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की परवाना देणारं सरकार आहे, ट्राय त्याला बांधू शकत नाही. आणि जानेवारी २००० मध्ये अध्यादेश काढून अख्खं प्राधिकरणच बरखास्त झालं. नवी माणसं आली, निवाडा करायचं काम काढून टीडीसॅट या वेगळ्या न्यायाधिकरणाला दिलं. तीन वर्षांच्या पोराला घराबाहेर काढून त्याच्या नावाचा दुसरा पोरगा दत्तक घ्यावा, तसं.

तेव्हापासून महत्त्वाच्या गोष्टींत ट्राय शिफारस करतं. गावात तलाठी फेरफाराची नोंद धरतो, पण ती प्रमाणित करतो मंडल अधिकारी. तोवर कागदाला काही किंमत नाही. ट्राय हा तलाठी आहे आणि मंडल अधिकारी मंत्रालय. २०१६ साली एका नव्या मोबाइल कंपनीचे कॉल तीन जुन्या कंपन्यांनी नीट जोडू दिले नाहीत, असं ट्रायचं मत झालं. त्यानं ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. शिफारस! दंड नव्हे. त्याच्या मूळ कायद्यात त्याच्या आदेशाचं उल्लंघन केलं तर शिक्षा सुरू होते ती एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडानं. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला यापेक्षा जास्त खर्च येतो.

माझ्या स्वतःच्या माळ्यावर याचं एक स्मारक आहे. आधीच्या एमएसओशी, म्हणजे ज्याच्याकडून आम्ही सिग्नल घेतो त्याच्याशी, माझं फाटलं. मी दुसऱ्याकडे गेलो. पहिल्याचे सेट टॉप बॉक्स दुसऱ्याच्या सिग्नलवर चालत नाहीत. दोनशे सत्तर बॉक्स रातोरात भंगार झाले. गिऱ्हाइकांनी माझी गचांडी धरली, मी कुणाची धरायची? कुठल्याही कंपनीचा बॉक्स कुठल्याही सिग्नलवर चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केलेली आहे. चांगली, मुद्देसूद शिफारस आहे. मी ती वाचली. आणि तसा बॉक्स बार्शीत मी अजून एकही पाहिलेला नाही.

कॉल मध्येच तुटण्याचं प्रकरणही असंच. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायनं नियम केला, की कॉल तुटला तर गिऱ्हाइकाला एक रुपया परत, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये नियम रद्द झाला. अवाजवी आहे, करण्याची पद्धत पारदर्शक नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालात एक चांगली सूचनाही होती, की नियम करण्याआधी लोकांचं ऐकणं आणि कारणं देणं सगळ्याच नियामकांना बंधनकारक करणारा, अमेरिकेत आहे तसा, कायदा संसदेनं करावा. त्या सूचनेची ना विधेयकं आली ना मसुदे.

आता त्या एका रुपयाशेजारी नायजेरिया ठेवा. २०१५ च्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं एमटीएन या कंपनीला नोंदणी नसलेली पन्नास लाखांवर सिमकार्डं बंद केली नाहीत म्हणून दंड लावला: सिममागे दोन लाख नायरा, एकूण ५.२ अब्ज डॉलर. कंपनीचा मुख्याधिकारी पायउतार झाला. पुढं घासाघीस होऊन दंड ३३० अब्ज नायरावर आला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घासाघीस झाली हे काही शोभेचं नाही, आणि मुळात तो मामला सुरक्षेचा होता, गिऱ्हाइकाच्या सोयीचा नव्हता. तरी कंपनीला घाम फुटला हे खरं. आपल्याकडे घाम मला फुटायचा, १५३ रुपये ४० पैशांचे सुटे देताना.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथं डिसेंबर २००३ मध्ये पाच वेगवेगळी ऑफिसं मोडून एकच केलं, ऑफकॉम. फोन, टीव्ही, रेडिओ, लहरी, सगळं त्याच्याकडे, आणि खर्च मुख्यतः ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच फीमधून. भाच्यानं मला एकदा सांगितलं, "मामा, इथं कुणीही घरबसल्या तक्रार करतो, आणि निकाल कारणांसकट वेबसाइटवर लागतो." मी म्हणालो, तक्रार काय, आमच्याकडे पण करतात, माझ्या मोबाइलवर रात्री अकराला. पण मग मी तिथले निकाल वाचत गेलो. डिसेंबर २०२० चा एक निकाल आपल्याशी थेट संबंध असलेला आहे. रिपब्लिक भारत या आपल्या हिंदी चॅनेलचा ६ सप्टेंबर २०१९ चा एक चर्चेचा कार्यक्रम तिथंही दिसला होता. पाकिस्तानी लोकांबद्दल त्यात जे बोललं गेलं ते द्वेषमूलक ठरवून ऑफकॉमनं तिथल्या परवानाधारक कंपनीला २० हजार पौंडांचा दंड केला. हे चॅनेल माझ्याही तारेतून जातं. लंडनच्या हवेला जे बाधतं ते बार्शीच्या हवेला कसं बाधत नाही?

आपल्याकडे वृत्तवाहिन्यांनी स्वतःच स्वतःवर नेमलेली एक संस्था आहे. तिचा मोठ्यात मोठा दंड एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूडांच्या न्यायालयात हा आकडा निघाला तेव्हा एवढ्या रकमेनं चॅनेलला काय फरक पडणार, असं खुद्द न्यायालयाच्याच बोलण्यात आलं. एकीकडे हे, आणि दुसरीकडे सरकारला वाटलं तर थेट गळा. जानेवारी २०२२ मध्ये मीडियावन या मल्याळी चॅनेलचा परवाना वाढवून द्यायला नकार मिळाला. कारण काय, तर सुरक्षा. कसली सुरक्षा, ते बंद लिफाफ्यात. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. म्हणजे आपल्याकडे एक लाखाची चापटी आहे आणि फाशी आहे, मधलं जवळजवळ काहीच नाही. शाळेत एवढ्या दोनच शिक्षा ठेवल्या तर हेडमास्तर पोरं सुधारेल की आपल्याला न आवडणाऱ्या पोराची वाट बघेल?

ऑफकॉमही परवाने काढतं. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या आरटी चॅनेलचा काढला. पण कारणं जगासमोर मांडून. आणि ते नुसतं दंडुका घेऊन फिरत नाही. २०२१ मध्ये तिथल्या राजघराण्याची सून मेगन मार्कल हिच्यावर टीव्ही निवेदक पिअर्स मॉर्गन जे बोलला त्यावर ५७ हजारांच्या वर तक्रारी आल्या. ऑफकॉमनं सांगितलं, बोलणं कडू असेल, पण ते बोलायचा त्याला हक्क आहे. हजारो लोक ओरडत असताना 'नाही' म्हणणारा नियामक मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात जास्त मात्र मला दक्षिण आफ्रिकेचा हेवा वाटतो. सावंतांचा निकाल १९९५ चा. तिथं पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, नवी राज्यघटना झाली आणि तिच्या १९२ व्या कलमात जवळपास तोच विचार बसला: प्रसारणावर लोकहितासाठी देखरेख ठेवणारं, विविध मतांना जागा देणारं स्वतंत्र प्राधिकरण कायद्यानं उभं केलंच पाहिजे. २००० साली दूरसंचार आणि प्रसारण दोन्हींचे नियामक मिळून इकासा झालं. मे २०१६ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीनं ठरवलं की आंदोलनांत सार्वजनिक मालमत्तेची मोडतोड झाली तर ती दृश्यं दाखवायची नाहीत. निवडणुका तोंडावर होत्या. जुलैमध्ये इकासानं सरकारी वाहिनीला सांगितलं, हा निर्णय मागे घ्या. सरकारी वाहिनीला! आपल्याकडे दूरदर्शनला असं सांगू शकेल असं ऑफिस कुठल्या गावात आहे?

कारण आपल्याकडे सरकार नुसतं पंच नाही, खेळाडूही आहे. दूरदर्शन त्याचं, आकाशवाणी त्याची, बीएसएनएल त्याचं. डीडी फ्री डिशवरच्या जागा प्रसार भारती लिलावानं विकते आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फुकट मिळतंय तर कोण सोडेल. पण बघा गंमत: मालिका एकच, माझ्या वायरवरून गेली तर दर नियमात बसलेला, फ्री डिशवरून गेली तर फुकट, मोबाइलच्या अ‍ॅपवरून गेली तर मालक म्हणेल तो दर. एका पिकाला तीन बाजार आणि बाजार समितीचे नियम फक्त एकाच गाळ्याला. आणि खाजगी एफएम रेडिओ? पंचवीस वर्षं होत आली, त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला आजही मनाई. द्यायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या असं ट्रायनं २०२३ मध्ये म्हटलं. अर्थात, शिफारस.

आमच्या संघटनेतले मित्र मला म्हणतात, "तुला आणखी एक साहेब पाहिजे का? आहेत ते कमी पडले?" दुसरे म्हणतात, परदेशातले नियामक काय धुतल्या तांदळाचे आहेत? नाहीत. केनियात ३० जानेवारी २०१८ ला विरोधी नेत्याचा प्रतिशपथविधी दाखवला म्हणून नियामकानंच चार वाहिन्यांची वीज कापावी तशी प्रक्षेपणं बंद केली, आणि कोर्टानं चालू करा म्हटलं तरी दिवस गेले. हंगेरीत २०२१ मध्ये सरकारला नकोशा असलेल्या क्लुबरेडिओची लहर तिथल्या माध्यम परिषदेनंच काढून घेतली. मेक्सिकोनं २०१३ मध्ये घटना बदलून चांगला दणकट नियामक केला, त्यानं देशातल्या सगळ्यात मोठ्या फोन कंपनीला वेसण घातली, आणि दहा-अकरा वर्षांत घटना पुन्हा बदलून तोच गुंडाळला.

अमेरिकेचं तर ताजं आहे. १९३४ पासूनचा त्यांचा आयोग, पाच सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नकोत, असा बंदोबस्त. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच आयोगाचे अध्यक्ष एका मुलाखतीत जिमी किमेल या विनोदवीराच्या बोलण्यावरून वाहिन्यांना बघून घेण्याची भाषा करतात, आणि काही तासांत कार्यक्रम थांबतो. आठवड्याच्या आत तो परत आला, कारण लोक, नट, आणि अध्यक्षांच्याच पक्षातले काही खासदारसुद्धा बोलले. पुढं डिसेंबरात सिनेटसमोर अध्यक्ष म्हणाले की आयोग तसा स्वतंत्र नाहीच. त्याच दिवशी वेबसाइटवरून 'स्वतंत्र' हा शब्दही गेला. मावशींना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "बरं झालं, खरं बोलला."

पण यातूनच मला उलटं दिसतं. तिथं शब्द पुसावा लागला, तो पुसताना लोकांनी बघितलं आणि आरडाओरडा झाला. आपल्याकडे पुसायला शब्दच लिहिलेला नाही. वाकवायला नियामक असावा लागतो. आपल्याकडे मंत्रालयातला सहसचिव सही करतो आणि ती रोजच्या कामकाजात जमा होते.

म्हणून आणखी एक साहेब हवा का, याला माझं उत्तर असं आहे, की साहेब कमी करा आणि एकच ठेवा, पण तो मंत्र्यानं नेमलेला नको. सीबीआयच्या संचालकाच्या निवडीला पंतप्रधानांबरोबर विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश बसतात, तसं काहीतरी. (निवडणूक आयुक्तांच्या निवडीतून सरन्यायाधीशांना २०२३ मध्ये वगळलं, हे मला माहीत आहे, म्हणून तर 'काहीतरी' म्हटलं.) त्याचा पगार मंत्रालयाच्या अनुदानातून नको, परवान्याच्या फीमधून हवा. चापटी आणि फाशी यांच्या मधल्या सगळ्या शिक्षा त्याच्या हातात हव्यात आणि प्रत्येक शिक्षेमागचं कारण उघड. दूरदर्शनलाही तोच कायदा. आणि त्यानं माझ्याशी मराठीत बोलावं. दर बदलण्याआधी लोकांची मतं मागवतात ते शंभर-शंभर पानांचे कागद मुख्यतः इंग्रजीत निघतात. मग मतं कुणाची जातात? चॅनेलच्या वकिलांची. वहीचं फाटकं पान घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांची नाही.

त्या पानांतली काही मी जपून ठेवली आहेत. दर नंतर पुन्हा पुन्हा बदलले. २०२० मध्ये १३० रुपयांत दोनशे चॅनेल झाले आणि बुकेमध्ये, म्हणजे चॅनेलच्या गठ्ठ्यात, बसणाऱ्या चॅनेलची कमाल किंमत १९ वरून १२ वर आली, कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, २०२२ च्या शेवटी १२ चे पुन्हा १९ झाले, आणि २०२४ मध्ये १३० ची मर्यादाच उठली. पाच वर्षं ज्या आकड्यासाठी आम्ही गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, तो आकडाच गेला. माझी कनेक्शनं तोवर चौदाशेवरून चारशेच्या खाली आली होती.

मागच्या दिवाळीत मावशींनीही कनेक्शन बंद केलं. नातवानं फोनवर सगळं लावून दिलंय म्हणाल्या. मी बॉक्स काढून घेतला, गच्चीवर चढून वायर सोडवायला लागलो, तर खालून हाक आली.

"अरे, वायर राहू दे. माझे कपडे वाळत असतात तिच्यावर."